वानगीची ओली ओंजळ

कारखान्यात पोचल्यावर मी आधी चहाला जात नाही, ढिगाकडं जातो. कोळशाच्या ढिगात आम्ही माणसाएवढ्या लांब लोखंडी सळया खोचून ठेवलेल्या असतात. एक उपसायची आणि तिचं आतलं टोक पालथ्या हाताला लावायचं. गार लागलं तर दिवस बरा उजाडला. कोमट लागलं तर माझा चहा राहिला. चटका बसला तर मग सगळ्यांचाच राहिला. कारखान्याच्या नियमाप्रमाणं हे दिवसातून दोनदा करायचं असतं. मी पाचदा करतो. कुलूप लावून जिना उतरल्यावर परत वर जाऊन कुलूप ओढून बघणाऱ्यांपैकी मी आहे. बायको म्हणते, तुमच्या ओढण्यानंच ते ढिलं झालंय.

शहरात, पुंडलिकनगरात, आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. ते दर वर्षी एका दिवाळी अंकासाठी लेख गोळा करतात. यंदा मला म्हणाले, कोळशावर लिहा. मी म्हणालो, मास्तर, माझी शाळा आठवीत सुटली, आणि कोळशावरचं वाचणार कोण? ते म्हणाले, जिन्यात मला सांगता तसंच सांगा, ऱ्हस्व-दीर्घाचं मी बघतो. तेव्हा यात जे नीट आहे ते मास्तरांचं आणि काळं आहे ते माझं.

माझं गाव माणदेशात. इथून एसटीनं अख्खा दिवस लागतो. घर मेंढरांचं. एका पावसाळ्यात कळपात रोग शिरला आणि दोन भावांना पुरतील एवढीच मेंढरं उरली. मी तिसरा. गावातला एक ट्रक ड्रायव्हर वणीकडच्या खाणीतून कोळसा आणायचा, त्याच्या शेजारी बसून मी लासूर स्टेशनला आलो. तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. चार दिवस बघ, न्हाई जमलं तर परतीच्या खेपेला चल, असं तो म्हणाला होता. ती परतीची खेप अजून झालेली नाही.

आमचा कारखाना लासूर स्टेशनच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत आहे. काम एका वाक्यात सांगायचं तर हलका कोळसा घ्यायचा आणि तो बॉयलरला चालेल असा करून द्यायचा. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोळसा काळा असला की झालं. मलाही तसंच वाटायचं. आमच्याकडं येतो तो खाणीतला उतरता माल. त्यात दगड असतो, माती असते, चुरा असतो आणि पाणी असतं. हे पाणी वरून पडलेलं नव्हे, कोळशाच्या अंगातलंच. असा कोळसा भट्टीत टाकला तर तो आधी स्वतःचं पाणी उकळतो, मग तुमचं. त्यातला दगड फुकट तापतो आणि राखेबरोबर बाहेर पडतो. राख वितळून भट्टीच्या जाळीवर चिकटली की तिचे गठ्ठे होतात. वीटभट्टीवाले त्याला खंगर म्हणतात, बॉयलरवाले क्लिंकर म्हणतात, आणि ते फोडायला ज्याला पाठवतात तो काय म्हणतो ते मास्तर छापणार नाहीत.

म्हणून आम्ही दगड वेचतो, पाणी काढतो आणि चुरा उसाच्या मळीत कालवून, दाबून त्याचे गोळे करतो. ताराबाई त्यांना लाडू म्हणतात.

ताराबाई गंगापूर तालुक्यातल्या. घरची शेती, थोरला मुलगा वाळूजला कंपनीत. कामाला यायची तशी गरज नव्हती, पण सुनेच्या राज्यात नुसतं बसून राहणं त्यांना जमेना. दगड वेचायच्या पट्ट्यावर त्या पहिल्या दिवसापासून आहेत. कोळशाचा पट्टा हळूहळू सरकत असतो, दोन्ही बाजूंना बाया उभ्या. दगडही काळाच असतो. फरक वजनात. सारख्या आकाराचे दोन खडे हातात घेतले तर दगड जड लागतो. पण पट्टा थांबत नाही, तोलून बघायला वेळ कुणाला? ताराबाईंचा हात बरोबर दगडावरच पडायचा. मी बरेच दिवस त्यांच्या शेजारी उभा राहून शिकायचा प्रयत्न केला आणि एकदा विचारलं, तुम्हाला कळतं कसं?

"ज्वारी निवडताना इचार करतो का आपण बिरूभाऊ? हात जातो. तू इचार लई करतो."

खरं होतं. अजूनही माझ्या हातात पाच दगडांमागं एक कोळसा येतोच.

दुसरे नईमचाचा. खुलताबादचे. सगळा जन्म शहरातल्या बॉयलरांसमोर गेला, आणि निवृत्तीनंतर साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्यांना मागून आणलं. चाचांनी येताच एक हट्ट धरला. बंद पडलेल्या एका खत कारखान्यातला लोखंडी ड्रम भंगारात चालला होता, चांगला खोलीएवढा लांब. तो आणा, मी त्यात कोळसा वाळवून दाखवतो, असं ते म्हणाले. साहेबांनी आणला. लाडू वाळवायच्या आमच्याच भट्टीची वाया जाणारी गरम हवा चाचांनी त्यात सोडली. ड्रम सावकाश फिरतो, एका तोंडातून दमट कोळसा आत जातो, दुसऱ्यातून कोरडा बाहेर येतो. सांगायला सोपं आहे. पण हवा कमी गरम असली तर पाणी निघत नाही, आणि जास्त झाली तर पाण्याबरोबर कोळशाचा जोरही निघून जातो. ड्रमला मीटर होतं. चाचा मीटरकडं पाठ करून उभे राहायचे आणि हुंगायचे.

"मीटर बाद में बोलता, नाक पहले बोलती," असं म्हणायचे आणि हवेची झडप बोटभर फिरवायचे. मी नंतर मीटर बघायचो. नाक बरोबर निघायचं.

आसपासचे कोळशाचे व्यापारी हसायचे. लासूरचा म्हातारा कोळशाला धुरी देतो, असं बोललं जायचं. गिऱ्हाइकंही मासलेवाईक होती. एक फरसाणवाला होता, त्याला कोळसा चमकणारा लागायचा. आमचा वाळवलेला कोळसा दिसायला मळकट, म्हणून त्यानं भरलेली गाडी दारातून परत पाठवली. चाचा स्वतः त्याच्याकडं गेले, सोबत मला नेलं. चाचांनी त्याच्याच माठातलं तांब्याभर पाणी आमच्या चार खड्यांवर ओतलं. खडे लखलखले, आणि पाणी बघता बघता आत जिरलं. "ले, चमक गया. अब जला," चाचा म्हणाले. फरसाणवाल्यानं गाडी परत मागवली. मी मात्र तेव्हा नुसता हसलो. कोरडा कोळसा आणि पाणी यांच्या नात्यातलं काहीतरी चाचा दाखवत होते, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. शिरलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

ते सांगण्याआधी वानगीचं सांगायला हवं. लासूरच्या बाजारात धान्य विकताना आधी ओंजळभर नमुना दाखवतात, ती वानगी. आमच्याकडं ही पद्धत ताराबाईंनी आणली. गाडी भरली की त्यातला ओंजळभर कोळसा पांढऱ्या फडक्यात बांधायचा आणि ती पुरचुंडी ड्रायव्हरच्या हाती गिऱ्हाइकाला द्यायची. ताडपत्री सोडायच्या आधी त्यानं पुरचुंडी सोडून बघावी. यात नवं काही नाही. नवं हे, की ताराबाई गाडीतला सगळ्यात वाईट कोळसा शोधून पुरचुंडीत बांधायच्या. साहेबसुद्धा सुरुवातीला चक्रावले. ताराबाई त्यांना म्हणाल्या, माझा सासरा वानगीत निवडक दाणे दाखवायचा आणि पोतं सोडल्यावर बाजारात चारचौघांत शिव्या खायचा. मी तिथं उभी असायचे. आपल्या गाडीत यापेक्षा वाईट काही नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच कळलेलं बरं.

पहिल्या काही महिन्यांत या पुरचुंडीपायी दोन गिऱ्हाइकं गेली. बाकीची टिकली.

आता चाचणीची गोष्ट. पैठण रस्त्याकडं दूध भुकटीची एक डेअरी आहे. दुधाची भुकटी करायला वाफ लागते आणि वाफेचा दाब जरासुद्धा खाली येऊन चालत नाही. आला तर भुकटी ओलसर राहते, तिचे गोळे होतात, आणि गावोगावचं दूध तर दारात येऊन उभं असतं. तिथल्या बॉयलरच्या प्रमुख सोनवणे मॅडम. हलक्या कोळशानं त्यांना आधी दोनदा दगा दिला होता, आणि त्या परदेशी कोळसा कायमचा लावायच्या विचारात होत्या. साहेबांनी फार मिनतवारी केली तेव्हा त्यांनी तीन दिवस दिले. तीन दिवसांत दाब एकदाही त्यांच्या रेघेखाली गेला नाही तर वर्षाची ऑर्डर. गेला तर परत दारात यायचं नाही.

तेव्हा आमची हालत अशी होती, की ती ऑर्डर मिळाली नसती तर ड्रम पुन्हा भंगारात गेला असता. साहेबांनी आम्हाला बोलावून हे सरळ सांगितलं. बाहेर आल्यावर चाचांनी ड्रमवर तळहात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

चाचणीसाठी तीन गाड्या कोळसा वाळवायचा होता. आठवडाभर ड्रम चालला. शेडची अर्धी जागा आधीच भरलेली, म्हणून वाळलेला कोळसा एकाच कोपऱ्यात चढत गेला. ढीग कमरेच्या वर न्यायचा नाही असा नियम आहे. तो खांद्यापर्यंत गेला. ढीग माझ्या ताब्यात होता. मी बघत होतो, मला काळजी वाटत होती, आणि तरी मी बोललो नाही. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, असं सगळे म्हणत होते.

गाड्या निघायच्या आदल्या दिवशी चाचा खुलताबादला गेले. नातीची मंगनी होती, म्हणजे साखरपुडा. दुपारी तीनच्या सुमारास मी सळई उपसली आणि पालथा हात झटकन मागं घेतला. चटका बसला होता. ढिगाच्या माथ्यावर बघितलं तर सुताएवढी वाफ.

कोळसा आतून आपोआप तापतो. हवा लागते, ऊब धरते, उंच ढिगातून ती बाहेर पडत नाही, आणि शेवटी आत विस्तव होतो. हे मला चाचांनी सांगितलं होतं. पण त्या क्षणी मला चाचा आठवले नाहीत, आमचं रान आठवलं. मेंढरं बसवलेल्या जागेवरच्या लेंडीखताचा ढीगही असाच तापतो, असाच वाफाळतो. थंडीत आम्ही भावंडं त्यात हात खुपसून बसायचो. फार तापला की आबा, म्हणजे माझे वडील, कळशी घेऊन यायचे आणि ओंजळीनं पाणी शिंपडायचे. तो त्यांचा हात मला समोर दिसला. मी नळाला पाइप जोडला आणि ढिगावर पाणी सोडलं. अर्धा तास.

मला इतकं बरं वाटत होतं. काहीतरी करतोय असं वाटत होतं.

अर्ध्या तासानं दुसरी सळई उपसली. ती पहिलीपेक्षा गरम होती.

तेव्हा चाचांना फोन केला. मंगनीच्या गडबडीत त्यांनी एवढंच विचारलं की पाणी बंद केलं का, आणि फोन ठेवला. सव्वा तासात ते पुतण्याच्या मोटारसायकलवर हजर. अंगात नवा कुर्ता, कानात अत्तराचा फाया. ढिगाजवळ गेले, हुंगलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सगळे खोरी घ्या."

साहेब मुंबईत होते. बाया घरी निघाल्या होत्या, ताराबाईंनी त्यांना फाटकातून माघारी फिरवलं. पट्ट्यावरच्या बाया, ड्रायव्हर, मुकादम, नवा कुर्ता घातलेले चाचा, सगळ्यांनी मिळून ढीग उघडला आणि अंगणभर घोट्याएवढा पातळ पांगवला. आतमध्ये एका ठिकाणी लालसर डोळा दिसत होता. तेवढा पत्र्यावर घेऊन लांब नेला. दिवस बुडायच्या आत धोका टळला. ढिगाचा तिसरा हिस्सा मात्र ओला झाला होता, नेमकी एक गाडी.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. आता आपल्याला परत पाठवणार, हेच डोक्यात. चाचा शेजारी येऊन बसले.

"बिरू मियाँ, आपण त्याच्या अंगातलं पाणी काढलं. तो तहानलेला. पाणी दिसलं की तुटून पडतो, आणि पिता पिता गरम होतो. समझे?"

"व्हय."

"अबसे सळई गरम लगी तो नळाकडं जायच्या आधी मला फोन. मैं कहीं भी रहूँ."

एवढंच. नातीच्या मंगनीचं जेवण त्यांचं राहिलं होतं, त्याबद्दल अवाक्षर नाही. मी आजही त्यांच्यासमोर तो विषय काढू शकत नाही.

फाटकाबाहेर जाऊन मी घरी फोन लावला. काय घडलं ते सांगायचं धाडस नव्हतं. नुसतं विचारलं, "आबा, लेंडीचा ढीग तापला की आपण काय करायचो?"

"का रं? तिकडं मेंढरं घेतली का काय?"

"न्हाई, सहज."

"ढीग मोडायचा. पांगवायचा. आतली वाफ जाऊ द्यायची. मग पाणी, त्ये बी हातानं."

"आधी पाणी न्हाई?"

"आधी मारलं तर आत शिजतंय की सगळं. तुला ठावं हाय, तूच मोडायचास."

मला आबांच्या हातातलं पाणी आठवलं होतं. माझ्याच हातातलं खोरं मी विसरलो होतो. घरापासून इतकं लांब राहिलं की असंच होतं बहुतेक. जे बघून बरं वाटायचं तेवढं लक्षात राहतं, पाठ मोडायची ते जातं.

सकाळी गाड्या भरताना मुकादमानं सुचवलं की ओला कोळसा तिन्ही गाड्यांच्या तळाला घालू, वर कोरडा. ताडपत्रीखाली कुणाला दिसतोय? भट्टीत जाईपर्यंत सगळं मिसळून जाईल. तो वाईट माणूस नव्हता. त्याची दोन पोरं लासूरच्या शाळेत होती आणि कारखाना बंद झाला तर त्यालाही जावं लागणार होतं. साहेबांनी फोनवरून निर्णय चाचांवर सोपवला होता. चाचा ताराबाईंकडं बघत होते आणि ताराबाईंच्या हातात तीन फडकी होती.

त्यांनी दोन पुरचुंड्या बांधल्या. तिसरं फडकं माझ्यापुढं केलं.

"ही तू बांध. तूच घेऊन जा."

मी ओल्या ढिगातली ओंजळ भरली. फडक्याला लगेच ओल फुटली. तिसऱ्या गाडीत ओला माल वेगळा भरला, आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो. पैठण रस्त्याला लागेपर्यंत ती पुरचुंडी मांडीवर होती, पँटवर काळा गोल उमटला. वाटेत ड्रायव्हरनं चहाला थांबू का विचारलं तेव्हा मी पुरचुंडीची गाठच पुन्हा आवळली.

सोनवणे मॅडम पन्नाशीच्या, केस आखूड, कपाळावर घाम टिपायची पट्टी. त्यांनी पहिली पुरचुंडी सोडली, खडा फोडून बघितला. दुसरी सोडली. तिसरी हातात घेतल्याबरोबर बोटं थांबली.

"हा ओला आहे."

"हो मॅडम. ती अख्खी गाडी ओली आहे."

"पाऊस कुठं होता?"

"पाऊस नव्हता. मी पाणी मारलं." आणि मग मी सगळंच सांगितलं. चटका, वाफ, लेंडीखत, आबा, पाइप. मला थांबता येईना. काळजी करणाऱ्या माणसाचं असंच होतं, एकदा सुटला की सगळं सांडतो.

त्यांनी मधे अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "ओला कोळसा माझ्याकडं खूप आलाय. ओला आहे हे सांगत आजवर कुणी आलं नव्हतं." मग गाडीभोवती एक चक्कर मारली. "अट बदलणार नाही. तीन दिवस म्हणजे तीन दिवस. ही गाडी तिकडं फरशीवर पसरा, दोन दिवस ऊन द्या. तिसऱ्या दिवशी हीच जाळायची. आणि तुम्ही इथंच थांबायचं."

पहिले दोन दिवस मी खाल्लेलं काही आठवत नाही. बॉयलरच्या दाबाच्या मोठ्या तबकडीवर मॅडमनी लाल खडूनं रेघ ओढली होती. काटा त्या रेघेच्या बराच वर ठाण मांडून बसला होता. त्यांचा फायरमन दुसऱ्या दिवशी भट्टीत डोकावून म्हणाला, राख मऊ पडतेय, क्लिंकर नाही. मी बाहेर जाऊन चाचांना फोन केला. ते म्हणाले, हौ, ठीक, आणि मागून ड्रमची घरघर ऐकू आली.

तिसऱ्या दिवशी आमचा फरशीवरचा कोळसा लागला. तो वाळला होता, चांगला वाळला होता. तरी अकरा वाजता काटा खाली सरकायला लागला. फायरमननं हवा वाढवली. काटा थांबला आणि पुन्हा उतरला. भुकटीचा विभाग जोरात चालू होता, थांबवणं शक्य नव्हतं. मॅडम तबकडीसमोर हाताची घडी घालून उभ्या.

मी कोळशाच्या ढिगाशी गेलो आणि एक खडा उचलला. तो हातात चुरला. दुसरा उचलला, तोही. एकदा वाळलेला कोळसा भिजून परत वाळला की आतून फुटतो, चुरा होतो, आणि चुरा जाळीवर बसून हवा कोंडतो. हे मला आदल्या दिवशीच दिसायला हवं होतं. कंपाउंडच्या कडेला गवंड्यांचं काम चालू होतं. रेती चाळायची तिरपी जाळी तिथं उभी होती. मी विचारलंही नाही, ओढत आणली. मॅडमना म्हणालो, चाळून देतो, नुसते खडे आत घाला. त्यांनी डेअरीची दोन माणसं मला दिली. आम्ही खोऱ्यानं जाळीवर कोळसा मारत होतो. चुरा खाली पडत होता, खडे घरंगळत येत होते आणि फायरमनचा गडी ते भरून नेत होता. ताराबाई म्हणतात ते त्या दिवशी मला कळलं. विचार करायला वेळच नव्हता, हात जात होता.

अर्ध्या तासानं फायरमननं आतून हाक मारली. मी धावत गेलो. काटा वर चढत होता. पण त्याआधी तो कुठवर गेला होता ते मी बघितलं नव्हतं. मॅडमनी बघितलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो.

"रेघेला टेकला," त्या म्हणाल्या. "ओलांडली नाही."

तो खरंच टेकून वर आला की केसभर खाली गेला, मला माहीत नाही. मी आजतागायत विचारलेलं नाही. खडूची रेघ जाड असते.

ऑर्डरच्या कागदात एक वाक्य त्यांनी स्वतः घातलं होतं: प्रत्येक गाडीसोबत त्या गाडीतील सर्वांत निकृष्ट कोळशाची वानगी पांढऱ्या कापडात बांधून देणे बंधनकारक राहील. साहेबांनी ते वाचून दाखवलं तेव्हा ताराबाई हाताला लागलेली लाडवांची मळी पुसत म्हणाल्या, "आता सरकारीच झालं म्हणा की." चाचांना मी काट्याचं सांगितलं. "टेकला, ऐसा बोली मॅडम?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि खूप वेळ हसत राहिले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. कोळशाचे दिवस सरत आलेत हे मला कळतं. धूर कमी केला तरी तो धूरच, आणि माझ्या खोकल्याचा रंग डॉक्टरांना आवडत नाही. आमचा ड्रम आता निम्मा वेळ कपाशीच्या पराट्या आणि सोयाबीनचा भुसा वाळवतो, त्यांच्या कांड्या होऊन बॉयलरला जातात. भुशाचा ढीगही तापतोच, तेव्हा सळया आहेत आणि मीही आहे. आबा गेले. त्या फोनवर मी का विचारलं होतं ते त्यांना सांगायचं राहून गेलं. एकदा इथं आणून त्यांचा हात कोळशाच्या ढिगात घालायला हवा होता. त्यांना ऊब ओळखीची वाटली असती.

मला मात्र कुणी परत पाठवलं नाही. आठवी सुटलेल्या, घाबरट, परक्या मुलखातल्या माणसाला ताराबाईंनी हातात फडकं दिलं, चाचांनी कधीही फोन करायचा हक्क दिला आणि मॅडमनी जाड रेघ दिली. यातलं मी काय फेडलं असा विचार करत बसलो की कुलूपसुद्धा तपासायला विसरतो.

चाचा आता खुलताबादला घरीच असतात. गुडघ्यांनी दगा दिलाय, नाक शाबूत आहे. त्या दिवसापासून आमचा एक नेम झालाय. सळई गरम लागली तर फोन करायचा असं ठरलं होतं. मी गार लागली तरी करतो, रोज दुपारी चार वाजता. चाचा, ढीग थंड आहे, असं मी म्हणतो. ते म्हणतात, अरे रोज रोज काय सांगतो, दुसरं काम नाय का तुला, आणि ठेवून देतात. इतकी वर्षं मी त्यांची कटकट करतोय असंच धरून चाललो होतो.

परवा साहेबांबरोबर बैठकीत अडकलो आणि चार वाजून गेले. चार वाजून दहा मिनिटांनी खिशातला फोन वाजला. बाहेर येऊन उचलला.

"सळई गरम है क्या रे?"

"नाय चाचा, थंड आहे."

"मग फोन का नाय केला?"